रायफलवर दुर्बीण बसवणं आणि नेम जुळवणं: टेबलावरच्या कामापासून रेंजपर्यंत

मराठवाड्यात परवान्यावर घेतलेली रायफल बरेचदा .३१५ बोअरची असते. काहींकडे .३०-०६ असते, आणि नेमबाजी शिकणाऱ्यांकडे .२२ किंवा ४.५ मिमीची एअर रायफल. दुर्बीण बसवली तरी गोळी कुठेही जाते, ही तक्रार या सगळ्यांकडून ऐकू येते आणि दोष दुर्बिणीला दिला जातो. खरं तर दुर्बीण क्वचितच बिघडलेली असते. बेस, म्हणजे रायफलवर स्क्रूने बसवलेला पाया, ढिला असतो, दुर्बीण धरणाऱ्या रिंगा वाकड्या आवळलेल्या असतात, नाहीतर दस्त्याचे स्क्रू सुटलेले असतात. हे दोष घरच्या टेबलावर, एकही गोळी न उडवता सापडतात. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात आणि महागही असतात. म्हणून बहुतेक काम घरीच उरकायचं आणि रेंजवर फक्त शेवटची जुळवणी ठेवायची.

आधी कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. रोही आणि रानडुकरं तूर, हरभरा, सोयाबीन खाऊन जातात हे खरं असलं, तरी कलम ११ खाली अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय त्यांच्यावर गोळी झाडता येत नाही. परवानगीतल्या अटी, गट नंबर आणि मुदत नीट वाचा. दुर्बिणीच्या चाचणीसाठी शेतात गोळ्या झाडणंही टाळा. आपल्याकडचा मुलूख सपाट आहे. वेगवान रायफलची गोळी मागे मातीचा उंच बंधारा नसेल तर काही किलोमीटर जाऊ शकते, आणि काळ्या मातीतल्या दगडावरून उसळलेली गोळी कुठल्या वस्तीवर जाईल याचा नेम नसतो. ही जुळवणी मान्यताप्राप्त रेंजवरच करायची. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, पण मागचा आडोसा तिलाही हवाच.

दुर्बीण आणि रिंगा निवडताना

तुरीच्या शेतात किंवा बांधावरून दिसणारं अंतर बहुधा १०० मीटरच्या आतबाहेर असतं. त्याला ३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिमी भिंगाची दुर्बीण पुरून उरते. २ ते ७ पटीची असेल तर आणखी बरी. १६ किंवा २४ पटीची दुर्बीण घेणाऱ्यांना जवळचं जनावर चौकटीत सापडतच नाही. संध्याकाळी किती उजेड मिळेल हे काढायला भिंगाच्या व्यासाला पटीने भागा. ४० ला ९ ने भागलं की ४.४ मिमी येतात, ६ ने भागलं की ६.७. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ५ ते ७ मिमी उघडते, म्हणून सांज झाली की पट कमी करावी.

दुर्बिणीची नळी २५.४ मिमी, ३० मिमी किंवा ३४ मिमीची असते. रिंग अगदी त्याच मापाची हवी. ३० च्या रिंगेत २५.४ ची नळी कागद किंवा रबर गुंडाळून बसवण्याची युक्ती काही दुकानांत सांगतात. पहिल्या धक्क्यालाच ती सरकते.

रिंगेची उंची डोळ्याच्या अंदाजाने घेऊ नका, हिशेब करा. ४० मिमी भिंगाच्या पुढच्या टोकाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. समजा तो ४८ मिमी आला, तर त्याचा निम्मा २४. भिंगाखाली रायफलच्या नळीचा वरचा पृष्ठभाग रेलच्या (रिंगा जिच्यावर बसतात ती बेसची पट्टी) माथ्यापेक्षा ३ मिमी खाली असेल, तर ते वजा करा आणि मोकळ्या जागेचे २ ते ३ मिमी मिळवा. रेलपासून दुर्बिणीच्या मध्यापर्यंत २३ ते २४ मिमी उंची लागेल. काही कंपन्या उंची रिंगेच्या मध्यापर्यंत मोजतात, काही दुर्बीण टेकते त्या खोबणीपर्यंत. या दोन मापांत दुर्बिणीच्या नळीच्या निम्म्या व्यासाचा फरक पडतो, आणि चुकीची रिंग घरी येण्याचं हेच मुख्य कारण आहे. दुर्बीण रायफलच्या नळीला न टेकता जितकी खाली बसेल तितकी चांगली. मात्र बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) वर उचलून मागे ओढताना त्याची मूठ मागच्या भिंगाला लागत नाही, हेही पाहून घ्या.

.३१५ च्या मालकांसाठी वेगळी गोष्ट

बहुतेक .३१५ रायफलींवर दुर्बिणीसाठी तयार भोकं नसतात. त्या उघड्या नेमासाठी, माशी आणि मागच्या खाचेसाठी घडवलेल्या आहेत. बेस बसवायचा तर रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग) भोकं पाडून आटे काढावे लागतात. हे काम वाळूजच्या किंवा लातूरच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेऊ नका, तो कितीही कसबी असला तरी. शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करायला शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो, म्हणून ते परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यायचं. त्यात तांत्रिक कारणही आहे. रिसीव्हरची बाहेरची कातडी कडक केलेली असू शकते, तिथे साधा ड्रिल घसरतो आणि भोक मध्यरेषेपासून सरकतं. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, वरचं भोक गरजेपेक्षा खोल गेलं तर रायफल वापरायलाच धोकादायक होते.

या रायफलचा दस्ता उघड्या नेमाच्या उंचीचा असतो. दुर्बीण त्याहून वर येते, त्यामुळे गाल दस्त्यावर टेकत नाही आणि मान हवेत तरंगत राहते. दस्त्यावर बांधायची चामड्याची किंवा कापडी गालपट्टी लावून ही उंची भरून काढा. गाल दर वेळी त्याच जागी टेकला नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

.३०-०६ आणि नव्या .२२ रायफलींवर बरेचदा भोकं किंवा खोबण तयार मिळते. .२२ आणि एअर रायफलवर साधारण ११ मिमीची खोबण असते, तिथे पिकॅटिनी रेलच्या (ठराविक मापाच्या आडव्या खाचांची पट्टी) रिंगा बसत नाहीत. पिकॅटिनीच्या खाचा ५.२३ मिमी रुंद, वीव्हर या तशाच जुन्या रेलच्या ४.५७ मिमी. त्यामुळे वीव्हर रिंग पिकॅटिनीवर बसते, उलट मात्र बहुधा बसत नाही.

टेबलावरचं काम

मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं असल्याची खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. रायफल दोन वाळूच्या पिशव्यांवर किंवा लाकडी चौकटीत अशी बसवा की ती हलणार नाही.

आता दुर्बिणीला हात न लावता दस्त्याचे स्क्रू तपासा. रिसीव्हर दस्त्याला धरून ठेवणारे हे स्क्रू लाकडी दस्त्यात पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यानंतर सुटतात, कारण लाकूड फुगतं आणि आकसतं. ते ढिले असतील तर वरची कितीही पक्की जोडणी निरुपयोगी.

बेसचे स्क्रू, त्यांची भोकं आणि बेसचा खालचा भाग तेलमुक्त करा. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल यासाठी उत्तम. ॲसिटोनही चालतं, पण त्याने दस्त्याचं पॉलिश जातं आणि प्लास्टिक विरघळतं, म्हणून ते फार जपून वापरा, भिंगाजवळ तर नकोच. स्क्रू बसवून पाहताना एक धोका लक्षात ठेवा. पुढचा स्क्रू लांब असेल तर तो नळीच्या आट्यांना किंवा बोल्टच्या मार्गात टेकतो. मग स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण बेस सैलच राहतो. प्रत्येक स्क्रू घट्ट केल्यावर बोल्ट घालून सहज सरकतो का, ते पाहा.

बेसच्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सुटू न देणारा चिकट द्रव) एक थेंब पुरे. लाल थ्रेडलॉकर वापरू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. कंपनीने आकडा दिला असेल तर तोच पाळा. दिला नसेल तर लहान स्क्रूंना साधारण २ न्यूटन-मीटर, म्हणजे १७ ते १८ इंच-पाउंड. सायकल किंवा मोटारसायकलचा टॉर्क पाना या कामाला चालत नाही. या लहान स्क्रूंचं काम त्याच्या अगदी खालच्या टोकाला येतं, आणि तिथे त्याचा आकडा विश्वासाचा नसतो. १ ते ७ न्यूटन-मीटरचा टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या. नुसत्या एलन चावीने आवळताना हात जोरात पडतो आणि ॲल्युमिनियमचे आटे निघतात.

रिंगांचे खालचे भाग रेलवर ठेवा आणि रिंगेला रेलवर आवळणारा आडवा बोल्ट घट्ट करण्याआधी दोन्ही रिंगा पुढच्या, म्हणजे नळीच्या तोंडाच्या दिशेने खाचेच्या भिंतीला टेकवा. गोळी सुटते तेव्हा रायफल मागे येते आणि दुर्बीण आपल्या वजनाने जागीच राहू पाहते. रायफलच्या हिशेबाने ती पुढे सरकते. रिंग आधीच पुढे टेकलेली असेल तर सरकायला जागाच उरत नाही. आडवा बोल्ट साध्या वीव्हर रिंगांना साधारण ३.४ न्यूटन-मीटर, पोलादी पिकॅटिनी रिंगांना ७ च्या आसपास. यात रिंगांच्या बनावटीप्रमाणे फार फरक पडतो, म्हणून डब्यातला कागद फेकू नका.

दुर्बीण खालच्या रिंगांत ठेवा आणि वरच्या पट्ट्या नुसत्या हाताने लावा. दुर्बीण पुढेमागे सरकायला आणि फिरायला हवी. ती एका बाजूला अडत असेल किंवा खालच्या रिंगांत डुगडुगत असेल, तर दोन रिंगा एका रेषेत नाहीत. अशा वेळी लॅपिंग बारने (घासपेस्ट लावलेला सरळ पोलादी दांडा) रिंगा आतून घासतात. पोलादी रिंगांवर ते करता येतं. पण आत प्लास्टिकची वाटी असलेल्या रिंगा आणि एकसंध माउंट कधीही घासू नयेत. शिवाय घासल्यावर कंपनीची हमी संपते. नवशिक्याने लॅपिंगपेक्षा चांगल्या रिंगांवर पैसे घालावेत, हेच आमचं ठाम मत.

डोळ्याचं अंतर

मागच्या भिंगापासून डोळ्यापर्यंतचं हे अंतर बहुतेक रायफल दुर्बिणींवर ७५ ते १०० मिमी असतं. ते ठरवताना पट सर्वांत मोठी ठेवा, कारण मोठ्या पटीला अंतराची मोकळीक सर्वांत कमी असते. डोळे मिटून रायफल नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. कडेला काळी सावली न येता पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. सावली दिसली तर डोकं हलवू नका, दुर्बीण सरकवा. हे बसून, उभं राहून आणि पोटावर झोपून करा, कारण पोटावर झोपल्यावर डोळा पुढे येतो. हिवाळ्यात जाड स्वेटर घातल्यावर अंतर पुन्हा बदलतं. अंतर कमी पडलं तर धक्क्याने मागची कड भुवईला लागते आणि चांगली खोक पडते. ही चूक .३१५ माफ करत नाही.

रिंग भिंगाच्या फुगीर भागावर किंवा नेम जुळवायच्या मधल्या फिरकीच्या चौकोनावर चढू देऊ नका. दोन्हीकडे ३ मिमी तरी जागा सोडा. मग मागच्या भिंगाची कड फिरवून आतली नेमाची फुली स्पष्ट करा. मोकळ्या आकाशाकडे, सूर्य पाठीशी ठेवून, एकेक सेकंदच पाहा. जास्त वेळ पाहिलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फुली स्पष्ट दिसल्याचा भास होतो. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिलं तर डोळा कायमचा जातो.

फुली सरळ करणं

या कामाला बांधकामावरची दोन साधनं उत्तम: पाणसळ आणि ओळंबा. पाणसळीची छोटी बाटली रेलवर आडवी ठेवून रायफल तिरकी नाही याची खात्री करा. समोर २० ते २५ मीटरवर वारा नसलेल्या जागी ओळंबा टांगा. दोरी पांढरी असावी, मागे गडद भिंत असावी. वजन हलत असेल तर ते पाण्याच्या बादलीत बुडवा, लगेच थांबतं. आता दुर्बीण हळूच फिरवून फुलीची उभी रेघ दोरीवर आणा. दुर्बिणीच्या फिरकीच्या टोपीवर पाणसळ ठेवून सरळ करण्याची पद्धत सोपी असली, तरी स्वस्त दुर्बिणींत टोपी आणि फुली एकमेकांना नेमकी जुळलेली असतेच असं नाही. दोरी खोटं बोलत नाही.

तिरकी फुली जवळच्या अंतरावर फारशी त्रास देत नाही, लांब मात्र देते. गोळी नळीच्या रेषेपासून ७० सेंमी खाली उतरत असेल आणि रायफल ३ अंशांनी कललेली असेल, तर ती साडेतीन सेंमीहून जास्त बाजूला जाते.

वरच्या पट्ट्यांचे स्क्रू आवळतानाच फुली फिरते, म्हणून घाई नको. एका रिंगेचा डावा, मग दुसऱ्या रिंगेचा उजवा, असे तिरपे पाव-पाव फेरे देत जा. पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. शेवटचा जोर १.७ ते २ न्यूटन-मीटर. या स्क्रूंना तेल किंवा थ्रेडलॉकर लावू नका. ओल्या आट्यांत घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला पट्टी कितीतरी जास्त आवळते. मग नळी चेपते, आणि आतली फुली अडकू लागते किंवा पॅरलॅक्सची (डोळा हलला तरी फुली लक्ष्यावरून सरकू नये म्हणून असलेली) फिरकी जड होते. काम झालं की पुन्हा दोरीकडे पाहा. शेवटी रिंग आणि नळीच्या सांध्यावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. ती पुढे तुटलेली दिसली की दुर्बीण सरकली हे लगेच समजतं.

गोळी न उडवता पहिली दिशा

बोल्टच्या रायफलीत हे सोपं आहे. बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवा आणि मागून नळीतून २५ मीटरवरचा गोल मध्यात आणा. रायफल न हलवता दुर्बिणीच्या फिरक्यांनी फुली त्याच गोलावर आणा. नळी आणि फुली आळीपाळीने दोनतीनदा तपासा. नळीत बसणारा लेझरही मिळतो. तो वापरला तर गोळी भरण्याआधी काढल्याची स्वतः खात्री करा, नाहीतर नळी फुटते.

आडवी फिरकी एका टोकाला गेल्याशिवाय फुली जुळतच नसेल, तर थांबा. फिरकीचे एकूण क्लिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू मोजा, निम्म्यावर आणा आणि मग किती अंतर उरतं ते पाहा. मध्यापासून फार दूर जावं लागत असेल तर बेस किंवा त्याची भोकं वाकडी आहेत. ही चूक फिरकीने झाकू नका, बेसवाल्याकडेच परत जा.

रेंजवर

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो आणि सकाळी दहानंतर काळ्या जमिनीवरची हवा थरथरू लागते. दुर्बिणीत गोल वर तरंगताना दिसतो, आणि तुम्ही त्या तरंगाला नेम धरत बसता. उन्हाळ्यात ही जुळवणी सूर्योदयानंतरच्या दीडदोन तासांतच करा. काडतुसं तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. बारूद गरम झालं की दाब आणि वेग वाढतो आणि गोळीची जागा बदलते.

पुढे आणि मागे दोन्हीकडे वाळूची पिशवी द्या. पुढची पिशवी लाकडाखाली ठेवा, नळीखाली नको. कानाला आणि डोळ्याला संरक्षण लावा. सगळी काडतुसं एकाच बनावटीची, शक्यतो एकाच डब्यातली घ्या.

२५ मीटरवर एक गोळी झाडा. ती मध्यापासून किती सरकली ते पट्टीने मोजा. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर ७.३ मिमी हलवतो, ५० वर ३.६ मिमी, २५ वर १.८ मिमी. ०.१ मिलच्या (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) दुर्बिणीत हिशेब आणखी सोपा: १०० मीटरवर एक क्लिक म्हणजे १ सेंमी. समजा गोळी ४५ मिमी खाली आणि २७ मिमी डावीकडे लागली. पाव एमओएच्या दुर्बिणीवर २५ क्लिक वर आणि १५ क्लिक उजवीकडे. फिरकीवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते दाखवतो, फुली कुठे जाईल ते नव्हे. इथे घोळ झाला की प्रत्येक गोळी आणखी लांब जाते. खात्रीसाठी दुसरी गोळी झाडा.

२५ मीटरवर गोळी मध्यावर आली म्हणजे काम झालं, असं समजणारे बरेच आहेत. दुर्बीण नळीच्या सुमारे ४ सेंमी वर असते, त्यामुळे गोळी खालून येऊन नजरेच्या रेषेला छेदते आणि वर जाते. २५ वर मध्यावर लागणारी .३०-०६ ची गोळी १०० मीटरवर साधारण ५ ते ६ सेंमी वर लागते. .३१५ ची गोळी जड आणि सावकाश, तिचा आकडा वेगळा येतो. म्हणून १०० मीटरवर प्रत्यक्ष झाडून पाहिल्याशिवाय पर्याय नाही. .२२ साठी ५० मीटर आणि एअर रायफलसाठी २५ मीटर हे अंतर सोयीचं.

१०० मीटरवर तीन गोळ्या झाडा, मध्ये पुरेसा वेळ द्या. नळीला हात लावून धरवत नसेल तर थांबा. एका गोळीवरून फिरकी हलवू नका. तिन्ही भोकांचा मध्य काढा आणि त्या मध्यावरून हिशेब करा. तीन गोळ्या चार सेंमीत बसत असतील तर जुळवणी करण्यात अर्थ आहे. पंधरा सेंमीत विखुरत असतील तर फिरकीला हात लावू नका, आधी ढिलं काय आहे ते शोधा. स्वस्त दुर्बिणीची फुली क्लिक दिल्यावर लगेच सरकत नाही, पुढच्या धक्क्याला सरकते. म्हणून हलवल्यानंतरची पहिली गोळी हिशेबात धरू नका. शेवटी रायफल पूर्ण थंड होऊ द्या आणि थंड नळीतून एक गोळी झाडा. शेतात पहिली गोळी थंड नळीतूनच सुटणार आहे.

बिघाड शोधताना

गोळ्या विखुरत असतील तर तपासणी खालून वर करत जा: दस्त्याचे स्क्रू, बेस, रिंगा, नेलपॉलिशची रेघ, आणि सर्वांत शेवटी दुर्बीण. गोळ्या एकाच दिशेने हळूहळू सरकत जात असतील तर बहुधा तापलेली नळी लाकडी दस्त्याला कुठेतरी टेकतेय. नळी आणि दस्त्यामध्ये पुढून साध्या कागदाची पट्टी सरकवून पाहा, ती अडते तिथे दाब आहे. नळी तरंगती ठेवलेल्या रायफलींनाच ही तपासणी लागू पडते. काही दस्त्यांत पुढच्या टोकाला मुद्दाम टेकण ठेवलेलं असतं. ते घासून काढलं तर नेम आणखी बिघडतो.

स्प्रिंगच्या एअर रायफलने साध्या दुर्बिणी लवकर खराब होतात. तिच्यात पिस्टन सुटताना मागे धक्का बसतो आणि तो थांबताना पुढे, असा दोन्ही बाजूंचा. तिच्यासाठी एअर रायफलकरता बनवलेलीच दुर्बीण घ्या आणि रिंगेची अडकपिन खोबणीतल्या भोकात बसवा, नाहीतर रिंगा मागे सरकतात.

सगळं घट्ट असूनही शंका उरली तर दुर्बिणीची चौकोन चाचणी करा. पूर्ण चाचणीभर नेम एकाच खुणेवर ठेवा. एक गोळी झाडा, २० क्लिक वर, दुसरी गोळी, २० उजवीकडे, तिसरी, २० खाली, चौथी, २० डावीकडे आणि पाचवी. पाचवी गोळी पहिलीच्या शेजारी पडली आणि चौकोनाच्या बाजू सारख्या आल्या, तर दुर्बीण निर्दोष आहे. पाव एमओएच्या दुर्बिणीवर १०० मीटरवर प्रत्येक बाजू साडेचौदा सेंमीच्या आसपास यायला हवी. तसं आलं नाही तर तो कागद, क्लिकचे आकडे आणि अंतर लिहून, खरेदीच्या पावतीसह दुर्बीण कंपनीकडे पाठवा.